झाडावर तार

जपूनरावांना झाडावर एक तार बांधायची होती. एवढंच. त्यापायी पुढे सरकारी करवत आली, एक वृद्ध बाई अंगणात खुर्ची टाकून हटून बसल्या, आणि ज्या माणसाने घरातला बल्ब बदलायलासुद्धा कधी स्टुलावर पाय ठेवला नव्हता त्याला अख्ख्या गल्लीच्या साक्षीने आभाळात जावं लागलं. पण सुरुवात तारेपासूनच झाली.

जपूनराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते अपघात विम्याच्या कचेरीत सर्वेक्षक होते. कोणी पडलं, घसरलं, आपटलं, की जपूनराव टेप घेऊन जायचे आणि तो माणूस कुठून, कसा आणि कोणत्या शहाणपणामुळे पडला याचा अहवाल लिहायचे. सगळी नोकरी अशी पडलेल्यांच्या संगतीत गेल्यामुळे माणूस पडू शकत नाही अशी एकच जागा त्यांना पृथ्वीवर ठाऊक होती, ती म्हणजे जमीन. आणि तिच्याबद्दलही त्यांच्या मनात दोन-तीन शंका होत्या. घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला ते "जपून" म्हणायचे. बायकोने कपाटातून बरणी काढली तरी "जपून." बायकोने त्याकडे लक्ष देणं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सोडलं होतं, पण गल्लीने तो शब्द उचलला आणि त्यांनाच चिकटवला.

अशा माणसाला छंद लागायचा तर पोस्टाच्या तिकिटांचा लागावा. यांना लागला रेडिओचा. ऐकायच्या नव्हे, बोलायच्या. रीतसर परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा, घरात एक यंत्र मांडावं आणि जगाच्या दुसऱ्या टोकाच्या अनोळखी माणसाशी हवेतून बोलावं, असं करणारी माणसं असतात हे त्यांना कुठूनसं कळलं आणि ते खुळावले.

"मधे काहीही नाही," ते बायकोला सांगायचे. "खांब नाही, कंपनी नाही. नुसतं आभाळ."

"आणि बोलायचं काय?"

"ते अजून ठरलेलं नाही."

परीक्षा झाली, परवाना झाला, मागच्या खोलीत यंत्र मांडून झालं. गच्चीवर अ‍ॅल्युमिनियमचा एक दांडा उभा राहिला. जपूनराव कानाला हेडफोन लावून रोज संध्याकाळी जगाची वाट बघत बसू लागले. पण जग काही आलं नाही. शेजारच्या वकिलांच्या स्वयंपाकघरातला मिक्सर तेवढा यायचा, आणि तो मात्र असा यायचा की जणू एखादा ग्रह फुटतोय. परीक्षेचं पुस्तक पुन्हा उघडलं. त्यात लिहिलं होतं की दांडा काही कामाचा नाही, लांब तार हवी, आणि तारेचं दुसरं टोक जितकं उंच जाईल तितकं जग जवळ येईल.

उंच म्हणजे काय, हा प्रश्न घेऊन जपूनराव मागच्या अंगणात गेले, आणि त्यांना झाड दिसलं.

म्हणजे झाड तिथे होतंच. भिंतीपलीकडे, शेजारच्या बाईंच्या अंगणात ते वर्षानुवर्षं उभं होतं. पण जपूनरावांनी आजवर त्याचा फक्त बुंधा पाहिला होता, कारण माणसाने चालताना खाली बघावं असं त्यांचं मत होतं. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. पांढराफटक, गुळगुळीत बुंधा. एक फांदी नाही, एक गाठ नाही. नजर वर गेली, आणखी वर गेली, मान मागे टेकली, चष्मा नाकावरून कपाळाकडे सरकायला लागला, तरी फांद्या येईनात. मग आल्या; आणि त्या जिथून सुरू झाल्या तिथून पुन्हा तेवढंच झाड शिल्लक होतं. टोकावर ऊन होतं. खाली अंगणात केव्हाच सावली पडली होती, सगळ्यांच्या घरात दिवे लागले होते, आणि त्या निलगिरीच्या शेंड्यावर अजून दुपार चालू होती.

जपूनराव बराच वेळ तसेच उभे राहिले. बायको चहाला बोलवायला आली तेव्हा त्यांना मान खाली घेता येईना, म्हणून तिने ती हाताने घेतली.

बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या शहराला त्या नुसत्या "बाई" म्हणून माहीत होत्या, कारण अर्ध्या शहराने त्यांचा मार खाल्ला होता. जपूनरावांनी विनंती केली तेव्हा त्या म्हणाल्या, "हे झाड मी कुंडीतलं म्हणून आणलं होतं. नर्सरीवाला म्हणाला, शोभेचं आहे, खिडकीत ठेवा. त्या माणसाला मी अजून शोधतेय." मग जरा थांबून म्हणाल्या, "बांधा तुमची तार. पण खिळा मारायचा नाही. एकही नाही."

"छे, छे. एक रुंद पट्टा, त्याला कप्पी, कप्पीतून दोरी. दोरीच्या एका टोकाला तार, दुसऱ्या टोकाला वजन. म्हणजे झाड डोललं की वजन वरखाली होईल, पण तार तुटणार नाही."

"म्हणजे झाडाला डोलू देणार तुम्ही."

"हो, अर्थात."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या. जपूनरावांना उगाचच पास झाल्यासारखं वाटलं.

आता प्रश्न एवढाच होता, की दोरी वर न्यायची कशी. बायको म्हणाली, "त्यात काय, माझ्या बहिणीला बोलवू." तिची धाकटी बहीण अग्निशमन दलाच्या जवानांना दोरावरून चढायला-उतरायला शिकवायची. उंच इमारतींना लोंबकळत ती फोनवर बोलायची, हे जपूनरावांना ठाऊक होतं आणि या कारणासाठी ते तिचा फोन कधी घेत नसत.

"माणूस वर जाणार नाही," ते म्हणाले. "माणूस वर गेला की तो माझ्या टेबलावर येतो."

वकिलांचा सल्ला न मागताच आला. त्यांच्या मते गलोल हा एकमेव मार्ग होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं मत धनुष्यबाणावर गेलं. तिसऱ्या दिवशी ते पतंग म्हणाले आणि चौथ्या दिवशी त्यांनी माकड सुचवलं. शिकवलेलं असलं तर उत्तम. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापासून समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईपर्यंत प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी झाडावर दोरी टाकलेली होती असं त्या आठवड्यात निष्पन्न झालं. जपूनरावांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकलं आणि आपल्या मनाने वागायचं ठरवलं, जो मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा क्षण असतो.

त्यांनी मोजा घेतला. फेकायला वजन तर पाहिजे. दगड बांधला आणि तो कोणाच्या डोक्यात पडला तर? म्हणून ऑफिसचा राखाडी मोजा, आत वाळू, गाठ मारून त्याला बारीक दोरी. बाईंच्या अंगणात दोरखंड लावून "इकडे येऊ नये" अशी पाटी टांगली. स्वतः स्कूटरचं हेल्मेट घातलं. विजेच्या तारा पुढच्या रस्त्याला, झाड मागे, मधे अख्खं घर, हे तीनदा तपासलं. मग हात गोल फिरवून मोजा सोडला.

मोजा सुरेख गेला. मागे गेला, पण सुरेख गेला. वकिलांच्या खिडकीतून आत जाऊन तो त्यांच्या अशिलाच्या मांडीवर पडला. अशील मारामारीच्या खटल्यातला असल्यामुळे त्याने तो पुरावा समजून खिशात घातला.

दुसरा मोजा झाडाच्या दिशेने गेला आणि परत आला. तिसरा पहिल्या फांदीवर चढला, फांदीला दोन वेढे देऊन लोंबू लागला आणि ओढला तर दोरीच तुटली. चौथा त्याच्या शेजारी जाऊन बसला. पाचव्याच्या वेळी भिंतीवर प्रेक्षक बसले होते आणि प्रत्येक फेकीला "अरेरे" अशी सामुदायिक हळहळ उमटत होती, जिचा जपूनरावांना सगळ्यात जास्त अपमान वाटला. रविवार संपला तेव्हा निलगिरीला मोज्यांचा बहर आला होता. सोमवारी ते ऑफिसला बिनमोज्यांचे गेले.

तेव्हा वकील गंभीर होऊन म्हणाले, "जपूनराव, रस्त्यावरून दिसतात हो ते. सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या वृक्षावर वस्तू टांगणे. परवानगी घेतली होतीत का?"

हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारला असता तर तो हसला असता. जपूनराव पांढरे पडले. परवानगीशिवाय आपण काहीतरी केलं, ही कल्पना त्यांना झाडावरून पडण्याइतकीच भयंकर वाटली. रजा टाकून ते दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेच्या वृक्ष विभागात हजर झाले.

वृक्ष विभाग तळघरात होता. तिथे एक कारकून बसला होता आणि त्याच्या टेबलावर प्लास्टिकचं एक रोप होतं.

"झाडाला तार बांधायची आहे," जपूनराव म्हणाले.

"बांधायचा अर्ज नाही."

"मग कशाचा आहे?"

"तोडायचा."

"मला तोडायचं नाही."

"न तोडायचा अर्ज नसतो," कारकून समजुतीने म्हणाला. "न तोडायला लोक इथे येतच नाहीत. तुम्ही तोडायचाच भरा आणि कारणाच्या जागी तुमचं म्हणणं लिहा. साहेब वाचतात."

जपूनरावांनी कारणाच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं: झाडावर तार. पुढे पुष्कळ लिहायचं होतं, पण जागा तेवढीच होती.

साहेबांनी ते वाचलं. साहेब घाईत होते. त्यांनी वाचलं: तारेवर झाड.

आता तारेवर झाड म्हणजे विजेच्या तारेवर कललेलं झाड, म्हणजे तातडीचं प्रकरण. जी कचेरी एरवी पडलेल्या झाडाला उचलायला त्याला पालवी फुटेपर्यंत थांबायची, ती तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहिली. ट्रक, दोरखंड, यांत्रिक करवत, चार माणसं आणि मागून जीपमधून स्वतः साहेब.

जपूनराव दाढी करत होते. करवतीचा आवाज ऐकून ते अर्ध्या साबणाने बाईंच्या अंगणात धावले. बाई त्यांच्या आधी तिथे पोचल्या होत्या. त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली होती, ती बुंध्याला पाठ लावून मांडली होती, आणि त्या तिच्यावर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या ओरडत नव्हत्या. वर्गात गोंधळ झाल्यावर तो आपोआप थांबायची वाट बघतात तशा बसल्या होत्या. करवतवाल्याने करवत बंद केली. तोही त्यांच्याच शाळेतला निघाला.

"यांनी अर्ज केलाय," साहेब जपूनरावांकडे बोट दाखवून म्हणाले.

बाईंनी जपूनरावांकडे पाहिलं. अर्ध्या तोंडाला साबण लावलेला तो माणूस जागच्या जागी इतका लहान झाला की आणखी थोडा वेळ गेला असता तर कुंडीत मावला असता.

"बाई, मी फक्त तार लिहिली होती."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही मूर्ख असाल, पण दुष्ट नाही." हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की जपूनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, साबणाचंही असेल.

मग समजावणं सुरू झालं. तार कुठे आहे, झाड कुठे आहे, मधे घर कसं आहे, हे जपूनरावांनी टेप लावून दाखवलं. साहेबांना पटलं. पटलं हीच अडचण झाली. "ठीक आहे, पण आदेश निघालाय," ते म्हणाले. "आता एकतर झाड पडेल, नाहीतर वरून खालपर्यंत झाड निर्धोक आहे असा तपासणीचा दाखला लागेल. एवढं जुनं झाड, आतून पोकळ असलं आणि उद्या कोणाच्या घरावर पडलं तर? दाखला अधिकृत माणसाचाच पाहिजे."

"मग तुम्ही तपासा," वकील म्हणाले. ते फाटकापाशी केव्हाचेच उभे होते.

साहेबांनी वर पाहिलं. त्यांची मान मागे गेली, आणखी मागे गेली, टोपी पडली. "मी खालून तपासतो," ते म्हणाले. "पाठीचा त्रास आहे."

"मग अधिकृत म्हणजे कोण?"

"परवानाधारक सर्वेक्षक. धोक्याचं मूल्यमापन करणारा."

हळूहळू अंगणातल्या सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळली. जपूनराव साबण पुसत होते.

मेव्हणी दुपारी आली. पाठीवर तिच्याएवढी पिशवी, त्यात दोर, पट्टे, कड्या. अंगणात येऊन तिने आधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, बुंध्याला हात लावला आणि शेंड्यापर्यंत नजर नेली. मग म्हणाली, "भावोजी, हे एवढं तुमच्या घरामागे होतं आणि तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत?"

तिने मोठ्या गलोलीसारखं एक यंत्र काढलं, पहिल्याच फटक्यात मोज्यांच्या पुष्कळ वर एका जाड बेचक्यातून दोरी पार केली, आणि वकील म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच गलोल सांगितली होती."

ती आधी एकटी वर जाऊन आली. सुक्या काटक्या पाडल्या, जाड फांद्यांना दोन वेगवेगळे दोर घट्ट केले. "एक तुटला तर दुसरा," ती म्हणाली. "दोन्ही तुटत नाहीत."

"तुटल्याचं एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं," जपूनराव म्हणाले.

"कोणत्या साली?"

"दोर नव्हता तो, वायर होती. पण तत्त्व तेच."

त्यांना पट्ट्यांत बांधलं, शिरस्त्राण घातलं, कमरेला लाकडी हातोडी अडकवली. झाडाला ठोकायचं आणि ऐकायचं. भरीव आवाज आला तर बरं, पोकळ आला तर वाईट. पिशवीत कप्पी आणि रुंद पट्टा होता, कारण वर जायचंच आहे तर तारेचंही उरकून घ्या असं बायकोने व्यवहारी मनाने सुचवलं होतं. ती जवळ आली. इतकी वर्षं त्यांचा तो शब्द तिने ऐकला होता. आज तो तिच्या ओठांवर आला आणि तिने गिळला. "सावकाश या," एवढंच म्हणाली.

पाय जमिनीवरून सुटले तेव्हा जपूनरावांना त्यांचं सगळं दप्तर आठवलं. शिडीवरून पडलेले, छपरावरून पडलेले, पाण्याच्या टाकीवरून पडलेले, आणि एक गृहस्थ जे व्यासपीठावर सत्काराला उत्तर देताना मागे सरकत सरकत पडले होते. दोरावर पाय रोवायचा, उठायचं, कडी वर सरकवायची, पुन्हा बसायचं. मेव्हणी शेजारच्या दोरावर होती आणि बोलत नव्हती, हे तिचे मोठे उपकार. जपूनरावांनी डोळे फक्त सालीवर ठेवले. साल जवळून पांढरी नव्हती. तिच्यात राखाडी होतं, गुलाबी होतं, ओल्या मातीचा रंग होता, आणि हात लावला तर ती गार होती. एवढ्या उन्हात गार. त्यांनी हातोडी मारली. टक्. बुंध्याने भरीव, शांत उत्तर दिलं. वर सरकले, पुन्हा मारली. पुन्हा तेच. प्रत्येक ठोक्याला झाड जणू म्हणत होतं, मी आहे, मी आहे.

मोज्यांपाशी पोचले. एका मोज्याची वीण कुठल्याशा पाखराने उसवली होती आणि राखाडी धागे पद्धतशीर उचलून नेले होते. जपूनरावांनी तो तसाच राहू दिला.

फांद्यांत शिरल्यावर खालचे आवाज बंद झाले. आधी वकिलांचा बंद झाला, तेव्हाच त्यांना आपण खरोखर उंच आल्याचं कळलं. पानांचा उग्र, स्वच्छ वास भरून राहिला होता. मेव्हणी म्हणाली, "भावोजी, इथे बसा. बेचकं मजबूत आहे. आणि आता मान वर करा."

त्यांनी मान वर केली. मग समोर पाहिलं. मग, आयुष्यात पहिल्यांदा, उंचावरून खाली पाहिलं.

आपलं घर त्यांना आधी ओळखूच आलं नाही. गच्चीवरचा तो दांडा काडीएवढा दिसत होता. गल्ली होती, गल्लीपलीकडे शहर, ते इतक्या लवकर संपत होतं की त्यांना आश्चर्य वाटलं. ज्या शहरात त्यांचा सगळा जन्म गेला होता ते तळहाताएवढं होतं. त्याच्यापुढे शेतं, शेतांपुढे एक नदी जिच्याबद्दल ते फक्त ऐकून होते, आणि नदीच्या पुढे डोंगर, आणि डोंगरांच्या मागे, फिकट, आणखी डोंगर. इतकं होतं आणि ते सगळं रोज होतं. ते खाली दाढी करत असताना, फाइली चाळत असताना हे इथे असंच पसरलेलं होतं.

तेवढ्यात वारा आला. तो त्यांना येताना दिसला. नदीकाठची झाडं वाकली, मग शेतं चमकली, मग शहरातली लहान झाडं एकामागून एक मान हलवू लागली, आणि मग झाडाने त्यांना उचललं. अख्खा शेंडा एका बाजूला गेला, जरा थांबला आणि परत आला. जपूनरावांनी फांदी धरली होती, पण भीती वाटायची ती वाटली नाही. घाबरायची जागा दुसऱ्याच कशानेतरी पूर्ण भरून गेली होती. एवढं मोठं, एवढं जड, आणि एवढं मऊ हलतं. ते हलत होतं म्हणूनच इतकी वर्षं उभं होतं, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

खालून साहेबांनी हाक मारली, "पोकळ आहे का?" वर ती पोचली नाही. त्यांनी पुन्हा मारली. वरून उत्तर येईना तेव्हा खाली काळजी सुरू झाली. "चक्कर आली असणार," वकील म्हणाले. बायको म्हणाली, "नाही. चक्कर आली असती तर त्यांनी आधी सूचना दिली असती."

बाई मात्र खुर्चीतून उठून वर बघत होत्या.

शेवटी मेव्हणीने त्यांच्या हातात कप्पी ठेवली. दोघांनी मिळून रुंद पट्टा भरीव खोडाभोवती घेतला, सालीला काचू नये म्हणून खाली जाड कापड घातलं, कप्पी अडकवली, दोरी सोडली. खिळा एकही नाही. "चला आता," ती म्हणाली.

"जरा थांबू या," जपूनराव म्हणाले. हे वाक्य उंचावर त्यांच्या तोंडून निघेल यावर कोणाचाही विश्वास बसला नसता; त्यांचाही बसला नाही.

ते खाली आले तेव्हा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. साहेबांनी विचारलं, "काय निष्कर्ष?"

"भरीव आहे," जपूनराव म्हणाले. "सगळं भरीव आहे."

"किती वर्षं टिकेल?"

"तुम्हाआम्हाला पुरून उरेल."

साहेबांनी तेवढ्यावर दाखला लिहून घेतला, करवत ट्रकमध्ये चढली, आणि करवतवाला जाताना बाईंच्या पाया न पडता नुसताच समोर उभा राहून म्हणाला, "बाई, मी गणितात नापास व्हायचो तो." "माहीत आहे," बाई म्हणाल्या. "जा आता."

मग सगळे पांगल्यावर बाईंनी विचारलं, "काय आहे हो वर?"

अपघाताचं वर्णन दोन परिच्छेदांत अचूक करणारा तो माणूस तोंड उघडून उभा राहिला. "बाई," तो म्हणाला, "नदी दिसते." आणि पुढे त्याला काही सांगता आलं नाही.

दोन दिवसांनी तार चढली. गच्चीच्या कोपऱ्यापासून झाडाच्या कप्पीपर्यंत ती इतकी बारीक होती की दिसायचीच नाही. फक्त उन्हात कधीतरी एक रेघ लकाकायची. दोरीच्या टोकाला वजन लोंबत होतं आणि झाड डोललं की सावकाश वरखाली व्हायचं. वीज कडाडली तर तार यंत्रापासून सोडवून जमिनीला जोडायची व्यवस्थाही त्यांनी केली. संध्याकाळी मागच्या खोलीत बायको, मेव्हणी, वकील आणि बाई दाटीवाटीने बसले. जपूनरावांनी यंत्र सुरू केलं.

आधी खरखर आली. मग ती खरखर उघडली, आणि आत माणसं होती. किती होती ते कळेना. कोणी आकडे सांगत होतं, कोणी हसत होतं, कोणी एकाच नावाला पुन्हा पुन्हा हाक मारत होतं. ओळखीच्या नसलेल्या भाषा एकमेकांवरून वाहत होत्या. वकिलांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणून विचारलं, "हे सगळे आत्ता बोलतायत?"

"आत्ता," जपूनराव म्हणाले.

त्यांनी कळ दाबली, आपली ओळख सांगितली आणि कळ सोडली. तीन-चारदा सांगितली. मग फार लांबून, कापसातून आल्यासारखा एक आवाज त्यांची ओळख परत उच्चारू लागला. चुकीची, मग बरोबर. दोघांनाही धड न येणाऱ्या एका तिसऱ्याच भाषेत संभाषण सुरू झालं. तो माणूस पृथ्वीच्या तळाशी बर्फावरच्या एका हवामान केंद्रात होता. आवाज छान येतोय, म्हणाला. अँटेना कसली आहे?

"झाड," जपूनराव म्हणाले.

पुन्हा सांगा, तो म्हणाला.

"झाडावर तार," त्यांनी सुधारणा केली.

"कसलं झाड?"

आणि मग जपूनरावांना शब्द सापडले. परकी भाषा मोडकीतोडकी, पण ते सांगत सुटले. बुंधा कसा आहे, गार कसा आहे, कुठले कुठले रंग आहेत, वास कसा येतो, वारा लांबून दिसतो कसा, नदी, डोंगर, मागचे डोंगर. बाईंना ती भाषा येत होती. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग जपूनरावांनी कळ सोडली.

"इथे झाड नाही," पलीकडचा माणूस म्हणाला. "एकही नाही. मी आलो त्याला बराच काळ झाला. एक विचारू? तिथे वारा आहे का?"

जपूनरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने टेबलाची एक बाजू धरली, मेव्हणीने दुसरी, आणि यंत्रासकट टेबल खिडकीपाशी गेलं. खिडकी उघडली. वारा नव्हता. सगळे मागच्या अंधुक उजेडाकडे बघत थांबले. शेंड्यावर अजून थोडं ऊन होतं.

"येईल," जपूनराव म्हणाले. "आधी वर येतो."

वर पानं हलली. मग तो आवाज खाली उतरू लागला, फांदीवरून फांदीवर, लांबून पाणी येतं तसा. जपूनरावांनी माइक बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीबाहेर धरला आणि कळ दाबली, आणि झाडाचा आवाज झाडावरूनच निघून आभाळात गेला. वारा आला, भरला, ओसरला, पडला. तरी बाईंनी कळ सोडली नाही. मग सोडली.

पलीकडून खुर्च्या सरकल्याचे, दार उघडल्याचे आवाज आले. तिथे आता एकापेक्षा जास्त माणसं होती.

"अजून आहे का?" त्याने विचारलं.

"आहे," जपूनराव म्हणाले. "भरपूर आहे."